गंगम्माचं बोलकं बोट

लातूरला क्लासेसच्या भागात गंगम्माची मेस कुणी पत्ता विचारत शोधली असेल असं वाटत नाही. गल्लीच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं की आपोआप कळायचं. "कोण रे त्यो, अर्धी भाकर टाकून उठला? बापानं ज्वारी काय आभाळात पेरली व्हती का?" असा आवाज आला की नव्या पोरासोबत आलेले आईबाप एकमेकांकडं बघत. मग त्यातली आई म्हणे, "हितंच ठेवू याला. हितं उपाशी न्हाई राहायचा."

भोकरची, अहमदपूरची, देगलूरची पोरं डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला येत, दोन वर्षं पुस्तकात मान घालून बसत. त्या दोन वर्षांत घरच्यासारखी शिवी त्यांना फक्त गंगम्माकडं मिळे. ती मूळची निलंग्याची. माहेरी अर्धं कानडी, अर्धं मराठी. लग्न करून लातूरला आली तरी तो हेल काही सुटला नाही. नवरा विरूपाक्ष शिवणकाम करायचा. मेसच्या पुढच्याच खोलीत त्याचं मशीन होतं. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, दप्तराचे तुटलेले पट्टे शिवणं हे त्याचं काम. माणूस बोलण्याच्या बाबतीत फार कंजूष. दिवसभरात तो जेवढे शब्द खर्च करी, तेवढे गंगम्मा एका भाकरीमागं उडवी. दोघांचं त्यावरून कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला दोघं लागतात.

दिवाळीच्या आसपास तिचा आवाज बसला. ओरडून बसला असेल म्हणून तिनं हळद-दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळला. संक्रांत गेली तरी घसा मोकळा होईना, वर घास गिळताना दुखायला लागलं. सून पुनम मागंच लागली, तेव्हा कुठं ती दवाखान्यात गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विरूपाक्षला आणि तिला समोर बसवून सरळ सांगितलं. गाठ चांगली नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. वेळेत काढलं तर माणूस वाचेल, पण आवाज जाईल तो कायमचा.

गंगम्मानं विचारलं, "म्हंजे मुकी?"

"हो. बोलण्याचे दुसरे मार्ग आहेत, ते शिकवू आपण."

ऑपरेशनला जायच्या आदल्या सकाळी तिनं निलंग्याला आईला फोन लावला. आईचं नाव नागम्मा. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर पडून. पण कान तिखट होते आणि गंगम्माचा रोजचा फोन हा तिच्या दिवसाचा खांब होता. तिला खरं सांगायची गंगम्माची छाती झाली नाही. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "अव्वा, घशाचं बारकं आपरेशन हाय. थोडे दिस बोलता येणार न्हाई. तू जेवत जा येळेवर."

"चार दिस चालंल," अव्वा म्हणाली. "पाचव्या दिशी फोन कर."

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ सगळीच्या सगळी निघाली. नंतर रेडिएशनचे शेक घ्यावे लागले, त्यानं गळ्याची कातडी काळी पडली, तोंडाची चव गेली, पण डॉक्टरांचा चेहरा दर खेपेला थोडा थोडा सैल होत गेला. श्वासासाठी गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवलेलं होतं. त्यावर विरूपाक्षनं मऊ मलमलीच्या पट्ट्या शिवून दिल्या, पदराच्या रंगाच्या. तोंडात जीभ होती, ओठ होते, फक्त त्यांच्यापर्यंत वारा पोचत नव्हता.

मेस बंद पडली नाही. फोडणीचा धूर आता गंगम्माला सोसेना, म्हणून पुनमनं गॅस हातात घेतला आणि गंगम्मा दाराजवळच्या उघड्या जागेत भाकरी थापायला बसू लागली. बोलायला विरूपाक्षनं पाटी आणून दिली. पण पाटीचं बोलणं बघणाऱ्यालाच ऐकू येतं. पुनमची पाठ गंगम्माकडं. काही सांगायचं तर आधी उलथनं तव्यावर आपटायचं, मग पुनम वळणार, मग पाटी वाचणार. तोवर इकडं भाकरीला डाग पडलेला. पोरांचंही तसंच. पूर्वी अर्धी भाकरी टाकणाऱ्याला दारात गाठून झापता यायचं. आता ती पाटीवर 'अन्न टा' एवढं लिहीपर्यंत पोरगं चप्पल घालून गल्लीच्या टोकाला पोचायचं. आणि खरं सांगायचं तर मेसमध्ये इतकी शांतता पोरांनाही नको होती. जेवताना ती आपसात हळू आवाजात बोलायची, दवाखान्यात बोलावं तशी.

दवाखान्यात वाचा-उपचार शिकवणारी सुकन्या म्हणून एक तरुण बाई होती. तिनं टॅबलेट दाखवला. त्यावर मराठीत टाइप करायचं, बटण दाबलं की टॅबलेटच बोलतो. आवाज बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा, स्वच्छ, सावकाश. गंगम्माचे डोळे चमकले. विरूपाक्षनं तसाच एक टॅबलेट घेतला. सुकन्यानं सगळं बसवून दिलं आणि म्हणाली, "आता तुमचं नाव लिहा, मावशी."

गंगम्मानं बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काच थंडच. जोरात दाबलं, तेव्हा कुठं एकदम तीन अक्षरं उमटली आणि ती बातम्यांची बाई म्हणाली, "घ ख भ."

सुकन्यानं तिचा हात हातात घेऊन बघितला. तिशीपासून तापलेल्या तव्यावरची भाकरी बोटांनीच उलथायची सवय. शेंड्यांची कातडी भाजून, वाळून बाभळीच्या सालीसारखी झालेली. "तुमचं बोट टेकलंय हे काचेला कळतच नाही, मावशी," ती म्हणाली. "कातडी कोरडी आणि जाड झाली की असं होतं. आणि कळतं तेव्हा बोट रुंद असल्यामुळे शेजारची अक्षरंही दाबली जातात." तिनं मग रबरी टोकाचं एक पेन दिलं. पेननं अक्षरं बरोबर उमटली. गंगम्मा खूश होऊन घरी आली.

पण पेन हातात धरून भाकरी थापता येत नाही. भाकरी थापताना काही सांगायचं झालं की पीठ पुसा, पेन शोधा, लिहा, पेन ठेवा, पुन्हा पिठात हात. ऑपरेशननं उजवा खांदाही कमजोर झाला होता, पेन उचलून धरलं की हात थरथरे. एकदा ते वरणाच्या पातेल्यात पडलं. पुनमनं ते पळीनं काढून धुतलं, पण मग रबराचं टोक फुगून सैल झालं ते झालंच.

या सगळ्यात निलंग्याची अव्वा वाट बघत होती. चार दिवसांचे महिने झाले होते. भाऊ वीरेश फोनवर रोज सांगे, "तिला म्हनलं घसा बरा व्हायला टाईम लागतो. ऐकत न्हाई." शेवटी एका दुपारी गंगम्मानं धीर केला आणि फोन लावला. विरूपाक्षनं फोन स्पीकरवर टाकून टॅबलेटजवळ धरला. ती बोटाच्या पेरानं, मग नखानं, मग फुगलेल्या पेननं 'अव्वा' लिहायला धडपडू लागली.

"हॅलो," अव्वा म्हणाली. "हॅलो? गंगी? कोन हाय?"

टॅबलेट म्हणाला, "अभभा."

"कोन बाई तू?"

गंगम्मानं ते पुसलं, पुन्हा सुरुवात केली. काच ऐकेना. तिचा घाम काचेवर पडला आणि अक्षरं आपोआप उमटायला लागली. पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मग अव्वाचा आवाज आला, पण फोनसाठी नव्हे, खोलीतल्या कुणासाठी: "ईरेश, माझी गंगी मेली रे. तुमी मला सांगंनात. कोन्या बाईला फोनवर बसवून राहिले." आणि फोन तुटला.

विरूपाक्षनं टॅबलेट उचलून बाजूला ठेवला. गंगम्मा भिंतीला टेकून रडली. तिच्या रडण्यालाही आवाज नव्हता, गळ्यातल्या भोकातून नुसता वारा फसफसत होता. त्या रात्रीपासून अव्वानं जेवण कमी केलं, असं दुसऱ्या दिवशी वीरेशनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, दूधसुद्धा नको म्हणते, गंगी जित्ती हाय म्हणून शपथा घातल्या तरी मानत न्हाई. निलंग्याला जाऊन बसावं तर डॉक्टर सोडेनात. शेकानं सोललेला गळा अजून ओला होता, एसटीतली धूळ आत जायची भीती.

त्याच आठवड्यातली गोष्ट. पोरं जेवायला बसली होती. भोकरकडचा एक पोरगा ताटात भाजी थंड करत मोबाईलवर गेम खेळत होता. गंगम्माला हे पूर्वीपासून खपत नसे. ती उठली, त्याच्यामागं जाऊन उभी राहिली आणि मोबाईल काढून घ्यायला हात घातला. तेवढ्यात तिला त्याच्या अंगठ्यांवर दोन काळ्या टोप्या दिसल्या, कापडाच्या. मोबाईलऐवजी तिनं त्याचा अंगठाच पकडला.

"मावशी, ते घामानं अंगठा चिकटू नये म्हणून असतं," पोरगा घाबरून म्हणाला. "चांदीची तार विणलेली असते त्यात. गेमवाले घालतात. ठेवतो मी मोबाईल, ठेवतो."

गंगम्मानं एक टोपी ओढून काढली, आपल्या पहिल्या बोटात घातली आणि खाली दुसऱ्या पेरापर्यंत खेचली. त्याच्याच मोबाईलवर टेकवली. गेममधला माणूस टुणकन उडाला. तिनं पुन्हा टेकवली. तो पुन्हा उडाला. जोर लावावा लागला नाही, नुसता स्पर्श पुरला. कापड बोटाच्या मऊ भागाला सगळीकडून चिकटलेलं होतं, वाळलेल्या शेंड्याचं काम उरलंच नव्हतं.

ती तशीच पुढच्या खोलीत गेली. विरूपाक्ष मशीनवर वाकला होता. तिनं टोपी घातलेलं बोट त्याच्या नाकासमोर धरलं, टॅबलेट घेतला आणि लिहिलं. तिला लिहायचं होतं 'चालतंय'. टॅबलेट म्हणाला, "चसालतंय."

विरूपाक्षनं चष्मा वर सरकवला. टोपी हातात घेऊन उजेडात बघितली, आतून बाहेरून. "शेंडा रुंद हाय," तो म्हणाला. "टोक पायजे."

त्या बोटाचं माप त्यानं दोऱ्यानं घेतलं, गळ्याच्या पट्टीचं घ्यावं तसं. दुसऱ्या दिवशी बाजारातून तशा टोप्यांची एक जोडी आणली. एकीचं कापड कापलं, गोळी करून आवळलं आणि दुसरीच्या शेंड्यावर बारीक टाक्यांनी बसवलं. पहिलं टोक फार बारीक झालं, काचेनं ओळखलं नाही. दुसरं मोठं झालं, पुन्हा शेजारची अक्षरं आली. गंगम्मा समोर स्टुलावर बसून होती. तिसऱ्यांदा त्यानं हरभऱ्याच्या दाण्याएवढं टोक केलं, पण ते शेंड्याच्या मधोमध न लावता बोटाच्या पोटाकडं जरा खाली लावलं, कारण तो बघत बसला होता की ती बोट सरळ टेकवत नाही, भाकरी थापताना पडतं तसं तिरपं टाकते.

गंगम्मानं घातलं. लिहिलं. टॅबलेट म्हणाला, "ऐकलं का वो."

विरूपाक्षच्या हातातून सुई पडली. लग्न झाल्यापासून तो ही हाक ऐकत आलेला. आता ती दुसऱ्याच बाईच्या आवाजात, शुद्ध, सावकाश येत होती. तो म्हणाला, "हाव. ऐकलं." मग चष्मा काढून पुसत बसला.

गंगम्मानं लगेच निलंग्याला फोन लावू दिला नाही. मागच्या फोनची धास्ती होती. पुढचे काही दिवस तिनं नुसता सराव केला. दुपारी मेस आवरली की बसायची आणि मनात येईल ते लिहायची. टोपी दिवसभर बोटातच असे. भाकरी थापताना ती काढून ब्लाउजला अडकवायची, हात पुसला की पुन्हा बोटात. पेनासारखं शोधायचं काम नव्हतं. हळूहळू अक्षरांच्या जागा बोटाला पाठ झाल्या. नेहमीची वाक्यं टॅबलेट आपणहून पुढं करू लागला. एके दिवशी पोरं जेवत असताना दाराकडून बातम्यांच्या बाईचा आवाज आला, "अर्धी भाकर टाकून उठणाऱ्या, तुझ्या बापानं ज्वारी आभाळात पेरली व्हती का?" पंगत अशी हसली की पुनम पळी घेऊन बाहेर आली. त्या पोरानं उरलेली भाकरी उभ्यानंच खाल्ली.

मग फोन लावला. वीरेशला आधी निरोप दिला होता, त्यानं फोन अव्वाच्या उशाशी ठेवला.

टॅबलेट म्हणाला, "अव्वा, मी गंगी."

"तू गंगी न्हाईस," अव्वा म्हणाली. तिचा आवाज पार खोल गेला होता. "मागल्या बारीचीच बाई तू. पुन्यामुंबैची हाईस, बोलन्यावरून कळतंय."

गंगम्मानं भराभर लिहिलं. लहानपणी जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाला दोघी मायलेकी गेल्या होत्या आणि वडलांना देवळात गेलो म्हणून सांगितलं होतं, ते.

"गंगीनं कुनाला सांगितलं असंल," अव्वा म्हणाली. "मेलेल्या मान्साच्या गोष्टी सांगून मला फसवू नका. मी म्हातारी हाय, आंधळी हाय, पन मला कळतंय. लेक गेली माझी. माझ्या आधी गेली. आता मला कशाला जेवू घालता, कशाला दूध पाजता, मला बी जाऊ द्या, देवानं मला ठिवून तिला नेलं, असा कसा देव, मी काय पाप…"

"अव्वा, सुम्ने," टॅबलेट मधेच म्हणाला. सुम्ने म्हणजे गप. "आधी जेव. मग रड."

अव्वा बोलायची थांबली. गंगम्माचं बोट काचेवर तसंच राहिलं. विरूपाक्षनं फोन आणखी जवळ धरला.

"ईरेश," पलीकडून हळूच आवाज आला. "ही गंगीच हाय रे. मला मधेच तोडनारी तेवढी एकच हाय." आणि मग मोठ्यानं, फोनमध्ये तोंड घालून: "गंगी! रांडे, कुठं व्हतीस तू?"

गंगम्मा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. लिहायला दिसेना. डोळे पुसून तिनं लिहिलं, "लातुरातच व्हते."

"मग आवाज असा कुनाचा लावलाय?"

आता लपवायचं तिच्या मनात उरलं नव्हतं. तिनं लिहिलं, "माझा आवाज डॉक्टरनं काढला. वाईट गाठ व्हती. आता न्हाई. तुला सांगायला भ्याले. आता ह्या मशिनीनं बोलते. जीव चांगला हाय माझा."

मग अव्वानं विचारलं, "दुखतं का?"

"न्हाई."

"खोटं बोलून राहिलीस."

"थोडं. गिळताना."

"मऊ भात खात जा, दुधात कालवून." आणि नंतर, सवयीनं, "काय केलं आज जेवायला पोरास्नी?"

त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं. बाजारात वांगी कशी आहेत, पुनमला कामाचा लोड किती पडतो, वीरेशची म्हैस कधी विणार, असलं सगळं. टॅबलेटला काही कानडी शब्द नीट उच्चारता येत नव्हते, त्यावर अव्वा हसायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. शेवटी वीरेशनं फोन घेतला. "अक्का," तो म्हणाला. "अक्का, तिनं दूध मागितलं. साखर घालून."

फोन ठेवल्यावर गंगम्मा भिंतीला टेकली. तिनं विरूपाक्षकडं बघितलं. तो म्हणाला, "आता रोज लावू फोन. मी धरतो." त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

गळा वाळल्यावर डॉक्टरांनी प्रवासाला मोकळीक दिली. गंगम्मा गळ्याला दुहेरी पट्टी बांधून निलंग्याच्या एसटीत बसली, शेजारी विरूपाक्ष आणि मांडीवर टॅबलेटची पिशवी. माहेरी पोचल्यावर अव्वानं तिला खाटेवर ओढून घेतलं. आधी तोंडावरून हात फिरवला, मग खांद्यावरून, मग गळ्याच्या पट्टीवरून. पट्टीवर हात थांबला. गंगम्मानं तो तसाच थोडा वेळ राहू दिला. मग अव्वाची बोटं खाली येत तिच्या हातापर्यंत आली आणि टोपीला लागली.

"हे काय? ह्यानं बोलतीस?"

"हाव," टॅबलेट म्हणाला.

"कशाचं हाय? चांदीचं?"

"तार चांदीची, कापड काळं. ह्यांनी शिवलं."

"काळं हाय ते बरं," अव्वा म्हणाली. "नजर लागायची न्हाई." आणि जावयाच्या दिशेनं तोंड करून तिनं हाक मारली, "बसा हो तुमी. उभे का? ईरेश, पाटं मांड. भुका लागल्या असतील सगळ्यास्नी."

वीरेशच्या बायकोनं ताटं वाढली. अव्वाच्या ताटात तिनं एक भाकरी ठेवली. अव्वानं ती हातानं चाचपून बघितली आणि म्हणाली, "अजून अर्धी वाढ."